रेफर चिठ्ठी आणि तिच्याआधीचे दोन तास : एका मातामृत्यूचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा आणि उपचारांचा क्रम मात्र केसपेपर, लेबर रूमचं रजिस्टर आणि अन्वेषणाच्या वेळी झालेल्या जबाबांमधून जसा दिसला तसाच ठेवला आहे.

हेच प्रकरण निवडण्याचं कारण असं की इथे 'रुग्णालयात काहीच नव्हतं' म्हणून सुटका करून घेता येत नाही. डॉक्टर होते, सिस्टर प्रशिक्षित होती, औषधं आवारात होती, गाडी आली, रस्ता डांबरी होता. तरीही बाई वाचली नाही.

पार्श्वभूमी

तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. रात्रपाळीला लेबर रूममध्ये एक स्टाफ नर्स आणि एक सफाईवाली मावशी, आवारातल्या क्वार्टरमध्ये एक वैद्यकीय अधिकारी. स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद कागदावर होतं, प्रत्यक्षात रिकामं. इथून उपजिल्हा रुग्णालय पन्नास मिनिटांवर आणि जिल्हा रुग्णालय तिथून आणखी दीड तासावर. जिल्ह्याची रक्तपेढी अर्थात जिल्ह्याच्या गावी.

बाई साधारण अठ्ठावीस वर्षांची, पाचवी खेप. आधीची तीन बाळंतपणं घरी झालेली, चौथं प्राथमिक आरोग्य केंद्रात. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन 7.8, म्हणजे अंगात रक्त बरंच कमी. आशाताईंनी पाठपुरावा केला, आयर्न सुक्रोजची पहिली इंजेक्शनंही झाली. मग कुटुंब ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलं आणि पुढचे डोस राहिले. होळीला सगळे परतले तेव्हा नववा महिना भरत आला होता. आरोग्य केंद्राच्या आवारात माहेरघर आहे. अवघड पाड्यांवरच्या बायकांनी बाळंतपणाच्या चार दिवस आधी येऊन राहावं अशी ती सोय. आशाताईंनी ते सुचवलं. पण घरी चार मुलं, त्यातलं धाकटं दीड वर्षाचं. बाई आली नाही. तिच्या जागी आपण असतो तरी बहुधा आलो नसतो.

कळा सुरू झाल्यावर मात्र घरच्यांनी वेळ घालवला नाही. पाड्यावरून जीपने थेट ग्रामीण रुग्णालय गाठलं, रात्री साडेदहाला दाखल. मातामृत्यूंच्या चर्चेत तीन विलंब सांगतात: घरी निर्णय घ्यायला लागणारा, वाटेत होणारा आणि दवाखान्यात पोहोचल्यावर होणारा. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांची ही मांडणी 1994 ची. इथे पहिले दोन जवळजवळ नव्हतेच. जे बिघडलं ते दाराच्या आत.

समस्या : त्या रात्री काय घडलं

दाखल करताना बीपी 110/70, बाळाचे ठोके चांगले. हिमोग्लोबिन तपासलं गेलं नाही. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते आणि हिमोग्लोबिनचं छोटं मीटर प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात होतं. कार्डावरचा 7.8 हा आकडा केसपेपरवर उतरवला गेला, पुढे 'जोखमीची माता' असा लाल शिक्काही पडला. शिक्का पडला म्हणून रात्रीच्या कामात काहीही बदललं नाही.

1.55 ला बाळ झालं, 2700 ग्रॅमची मुलगी, लगेच रडली. सिस्टरने नियमाप्रमाणे गर्भपिशवी आकसायचं औषध, ऑक्सिटोसिन, 10 युनिट स्नायूत दिलं. 2.05 ला वार पूर्ण पडली. रजिस्टरमध्ये रक्तस्राव 'अंदाजे 300 मिली'.

या 300 पाशी थांबायला हवं. टेबलावर मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, अंथरलेलं होतं आणि त्याची घडी टेबलाखालच्या बादलीत सोडलेली. रक्त, गर्भजल, धुतलेलं पाणी सगळं त्याच बादलीत. मावशीने लेबर रूम स्वच्छ ठेवायची म्हणून 2.15 च्या सुमारास बादली मोरीत रिकामी केली आणि भिजलेले कपडे गाठोड्यात बांधले. तिने तिचं काम चोख केलं. पण त्यानंतर किती रक्त गेलं हे कुणालाही, कधीही सांगता आलं नाही. डोळ्यांनी बांधलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी भरतो, आणि जितकं जास्त रक्त जातं तितका तो जास्त चुकतो. तीनशे हा आकडा तर रजिस्टरच्या त्या पानावर वरच्या चार ओळींमध्येही होता.

2.20 ला सासूच्या लक्षात आलं की सुनेच्या अंगावरून जाणं थांबत नाही. तिला मराठी फार येत नाही. तिने पावरी बोलीत आशाताईंना सांगितलं, आशाताईंनी सिस्टरला. सिस्टर तेव्हा बाळाचं वजन आणि के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन यात होती, आणि पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई पूर्ण कळांवर होती. तिने येऊन पोट दाबून पाहिलं. गर्भपिशवी मऊ लागली. मसाज केला की आकसायची, हात काढला की पुन्हा सैल. सलाईन लावून त्यात ऑक्सिटोसिनचे 20 युनिट सोडले आणि डॉक्टरांना फोन केला.

2.35 ला डॉक्टर आले. 2.40 ची नोंद: नाडी 112, बीपी 104/70. शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात 'बीपी नॉर्मल'.

बीपी नॉर्मल होतंही. तरुण बाईचं शरीर बरंच रक्त गमावूनही बीपी धरून ठेवतं, आधी पळते ती नाडी. म्हणून नाडीला वरच्या बीपीने भागून बघतात. उत्तर 0.9 च्या वर गेलं की धोका समजायचा. 112 भागिले 104 म्हणजे 1.08. हिशेब मोबाइलवर पाच सेकंदांचा आहे, पण तो करायचा असतो हे त्या खोलीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पावणेतीनच्या सुमारास डॉक्टरांसमोर चार वाटा होत्या. जबाबात त्यांनी त्या प्रामाणिकपणे सांगितल्या.

पहिली, ताबडतोब जिल्ह्याला रेफर करणं. इथे ना रक्त, ना शस्त्रक्रियेची सोय. उशीर नको.

दुसरी, इथेच सगळे उपाय एका दमात करणं आणि बाई थोडी स्थिर झाली की हलवणं. म्हणजे पिशवी आकसवणारं मिसोप्रोस्टॉल, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, दोन्ही हातांच्या मधे पिशवी दाबून धरणं, आणि तरी थांबलं नाही तर कंडोम बलून. हा बलून म्हणजे फोलीच्या (लघवीच्या) नळीवर कंडोम बांधून आत सलाईन भरायचं आणि पिशवीवर आतून दाब आणायचा. ढाक्याच्या डॉ. सायबा अख्तर यांनी रुळवलेली ही युक्ती, सामान शंभर-दोनशे रुपयांचं. डॉक्टरांनी ती प्रशिक्षणात पुतळ्यावर केली होती, बाईवर कधीच नाही.

तिसरी, तालुक्याच्या गावातल्या खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावणं. ते पूर्वी दोनदा येऊन गेले होते, मानधनाची बिलं अडकल्यावर त्यांनी येणं थांबवलं होतं. फोन केलाच गेला नाही.

चौथी, नातेवाइकांचं रक्त तिथेच काढून देणं. नवरा आणि दीर बाहेर उभे होते. पण परवानाधारक रक्तपेढीबाहेर रक्त काढणं आपल्या कायद्यात बसत नाही. लष्कराला काही ठिकाणी मुभा आहे, तालुक्याच्या दवाखान्याला नाही. ग्रामीण शल्यचिकित्सक वर्षानुवर्षं यावर बोलत आहेत. डॉक्टरांनी हा विचार बोलून दाखवला आणि सोडून दिला. त्यांना दोष देणाऱ्याने त्यांच्या जागी सही करून बघावी.

पाचवी गोष्ट पर्याय नव्हती, पण तिने निवड ठरवली. आदल्या वर्षी याच रुग्णालयात एका बाळाच्या मृत्यूनंतर गर्दीने काचा फोडल्या होत्या. 'इथे काही झालं तर' हे वाक्य त्या रात्री कुणी पूर्ण केलं नाही, करायची गरजही नव्हती.

काय केलं

मिसोप्रोस्टॉल 800 मायक्रोग्रॅम जिभेखाली दिलं. योनीमार्ग तपासला, कुठे फाटलेलं नव्हतं, वारेचा तुकडा राहिलेला वाटला नाही. लघवीची नळी घातली. इथपर्यंत सगळं योग्य आणि योग्य क्रमाने. 2.55 ला रेफर करायचं ठरलं आणि 108 ला फोन गेला. जवळची गाडी दुसऱ्या कॉलवर होती, यायला पाऊण तास लागेल असं कळलं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय इथे झाला, आणि तो कुणी घेतला नाही, आपोआप झाला. रेफर ठरलं तशी खोलीतली सगळी हालचाल कागदांकडे वळली. डॉक्टर चिठ्ठी लिहायला बसले, तीन प्रतींत. सिस्टर पलीकडच्या बाईच्या बाळंतपणाकडे गेली, कारण तीही वाट बघणार नव्हती. आशाताई नातेवाइकांना कपडे आणि आधार कार्ड शोधायला सांगत होत्या. बाईच्या पोटावर हात कुणाचाच नव्हता. 2.55 ते 3.40 या काळात केसपेपरवर एकही नोंद नाही.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची ॲम्प्यूल्स रुग्णालयात होती, पण अपघात विभागाच्या खणात. लेबर रूमच्या ट्रेमध्ये ती ठेवायची असतात हे सिस्टरला माहीत होतं. मागच्या महिन्यात वापरली गेली आणि परत भरली गेली नाहीत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या वूमन चाचणीत 21 देशांतल्या वीस हजारांवर बाळंतिणींवर हे औषध तपासलं गेलं. तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात हे त्यातून स्पष्ट झालं. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं की दर 15 मिनिटांच्या उशिरामागे फायदा साधारण 10 टक्क्यांनी घटत जातो. अपघात विभाग लेबर रूमपासून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

ऑक्सिटोसिनबद्दलही एक शंका राहते. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं औषध. ट्रेमधली ॲम्प्यूल्स किती दिवस बाहेर होती हे कुणी सांगू शकलं नाही, आणि मार्चमधली ती खोली रात्रीही तापलेली असते. औषध निकामी झालं होतं असं सिद्ध करता येत नाही. पिशवी आकसत का नव्हती याचं उत्तर म्हणून ते नाकारताही येत नाही.

3.40 ला गाडी आली. 3.50 ला नाडी 136, बीपी 80/50. निघाली 3.55 ला.

वाटेत 4.45 ला गाडीतल्या डॉक्टरांनी उपजिल्हा रुग्णालयात गाडी वळवली. तिथे रक्त साठवणूक केंद्र आहे, रक्त मिळेल असं त्यांना वाटलं. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या, दोन्ही बी पॉझिटिव्ह. बाई ओ पॉझिटिव्ह. दुसरी सलाईन लावून गाडी पुन्हा निघाली, यात वीस मिनिटं गेली. एक फोन आधी केला असता तर ही वीस मिनिटं वाचली असती. जिल्हा रुग्णालयालाही कुणी आगाऊ कळवलेलं नव्हतं. चिठ्ठीवर रक्तगट होता, पण चिठ्ठी बाईबरोबर प्रवास करत होती.

परिणाम

6.30 ला जिल्हा रुग्णालयात पोहोचली तेव्हा बीपी लागत नव्हतं. हिमोग्लोबिन 3.2. रक्ताची पहिली पिशवी चढवली, दुसरी लावताना हृदय थांबलं. सातच्या थोडं आधी मृत्यू घोषित झाला. शस्त्रक्रियागृहापर्यंत ती गेलीच नाही. मुलगी जगली, आज आजीकडे आहे.

मातामृत्यू जिथे होतो तिथला अधिकारी पहिला अर्ज भरतो. त्यामुळे या प्रकरणाचा पहिला अधिकृत वृत्तान्त अशा लोकांनी लिहिला ज्यांनी बाईला जेमतेम अर्धा तास पाहिलं. त्यात कारण आलं 'प्रसूतीपश्चात रक्तस्राव, उशिरा आगमन'. उशिरा कोण आलं? बाई तर कळा सुरू होताच निघाली होती. आशाताईंचा जबाब जोडला नसता तर हे प्रकरण 'कुटुंबाची दिरंगाई' या रकान्यात जाऊन बसलं असतं. अशी किती बसली असतील याचा विचार करवत नाही.

केंद्राची मातामृत्यू अन्वेषणाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दोषी शोधायचा नाही, कारण शोधायचं. तरी सिस्टरला कारणे दाखवा नोटीस गेली. तिने उत्तरात फक्त पलीकडच्या टेबलावरच्या बाळंतपणाची वेळ लिहिली: 3.05.

जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीला नवऱ्याला बोलावलं होतं. त्याची तक्रार उपचारांविषयी नव्हती. किती रक्त गेलं हे तो दोनदा विचारून आला होता, उत्तर मिळालं नाही, एवढंच तो म्हणाला. उत्तर कुणाकडेच नव्हतं, हे त्याला त्या बैठकीत पहिल्यांदा कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

दाखल करताना. हिमोग्लोबिन 7.8, पाचवी खेप. अशी बाई कळा सुरुवातीच्या असतानाच रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावी, हे पुस्तकी उत्तर. साडेदहाला तिच्या गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं होतं आणि पाचव्या खेपेची बाई दोन तासांहून जास्तीच्या रस्त्यात गाडीतच बाळंत होऊ शकते. अन्वेषण समितीत यावर मतं फुटली. मला ठेवून घेण्याचा निर्णय चुकीचा वाटत नाही. ठेवून घेतल्यावर काहीच वेगळं न करणं चुकीचं वाटतं: सलाईनची दुसरी सुई आधीच लावून ठेवणं, डॉक्टरांना बाळंतपणालाच बोलावणं, 108 ला आणि रक्तपेढीला रक्तगटासह आधी सांगून ठेवणं. साडेदहा ते दोन, साडेतीन तास हातात होते.

रक्त मोजणं. 2023 मध्ये ई-मोटिव्ह नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली 80 रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं. बाईच्या खाली खुणा आखलेली प्लास्टिकची पिशवी धरायची. 300 मिलीची रेघ इशाऱ्याची, 500 ची कृतीची. आणि रेघ ओलांडली की मसाज, गर्भपिशवी आकसायचं औषध, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू करायचं. एक करून पाहू, मग दुसरं, असं नाही. त्यातून गंभीर रक्तस्राव आणि त्याचे घातक परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्मे रक्तस्राव ओळखले जात होते, पिशवीने 93 टक्के. आमच्या प्रकरणात 2.20 चं काम 2.10 ला सुरू झालं असतं, आणि सासूने सांगायची वाट बघावी लागली नसती.

रेफरनंतरचा पाऊण तास. इथे कुठलंही यंत्र लागत नव्हतं. हात लागत होते. गर्भपिशवी दोन हातांत दाबून धरणं हे थकवणारं काम आहे, एका माणसाला दहा मिनिटांपेक्षा जास्त झेपत नाही, पण डॉक्टर आणि आशाताई, किंवा शिकवलं असतं तर मावशी, आलटून-पालटून करू शकले असते. चिठ्ठी नंतर व्हॉट्सॲपवर पाठवता येते. बलूनही याच वेळात बसला असता. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदाच करताना काही बिघडलं तर? हा प्रश्न खरा आहे. न करताही बिघडत होतंच, पण न केल्याबद्दल नोटीस येत नाही.

उपजिल्हा रुग्णालयातला थांबा. गाडीतल्या डॉक्टरांचा हेतू चांगला होता. जिल्ह्यातल्या कुठल्या फ्रिजमध्ये आज कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत हे गाडीतल्या माणसाला माहीत नसावं, ही व्यवस्थेची चूक. एवढ्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, रोज सकाळचा एक मेसेज पुरतो.

नंतर

महाराष्ट्राचा मातामृत्यू दर 2018-20 च्या नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. राज्य म्हणून आपण फार पुढे आहोत, आणि हेच सरासरीचं दुखणं आहे. पुणे आणि सातपुडा एकाच आकड्यात बसतात.

त्या रुग्णालयात काही गोष्टी बदलल्या. लेबर रूममध्ये लाल झाकणाचा एक डबा आला: ऑक्सिटोसिन वगळून रक्तस्रावाची सगळी औषधं, फोलीची नळी, कंडोम, दोरा, जाड सुया. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, फ्रिजची चावी सिस्टरकडे. डबा वापरला की त्याच पाळीत भरायचा आणि सही करायची. खुणांच्या पिशव्या पहिल्यांदा देणगीतून आल्या. त्या संपल्यावर खरेदीच्या यादीत हा जिन्नसच नाही असं उत्तर आलं. मग सिस्टरने भिजलेले पॅड बाळाच्या वजनकाट्यावर तोलायला सुरुवात केली. कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. बाळाचा काटा त्यासाठी वापरू नये असा शेरा एका तपासणीत मिळाला, तेव्हा तिने स्वतःच्या पैशांतून भाजीवाल्याकडे असतो तसला डिजिटल काटा आणला. बादली आता बाळंतपणानंतर तासभर कुणी रिकामी करत नाही.

रजिस्टरमधले आकडेही बदलले. पूर्वी ओळीने 200, 250, 300 असायचे. आता 180, 410, 265, 720 असे दिसतात, आणि रक्तस्रावाच्या केसेस 'वाढल्या' म्हणून आढावा बैठकीत या रुग्णालयाला खुलासा मागितला गेला.

स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद अजून रिकामं आहे. रक्त साठवणूक केंद्रासाठी मागणी गेली आहे. फ्रिज आला, तंत्रज्ञ आलेला नाही, म्हणून तो भिंतीला लावून ठेवलाय, खोक्यासकट. रात्रपाळीला दुसरी सिस्टर मिळावी ही मागणी प्रत्येक अन्वेषणाच्या इतिवृत्तात असते, इथल्याही होती. याच रुग्णालयाच्या वाट्याला ती आठवड्यातून तीन रात्रींपुरती मंजूर झाली आहे.